कलम आणि खुंट : मज्जारोपणोत्तर व्याधीच्या सांघिक शुश्रूषेचा इतिहास
(बुलढाणा जिल्ह्याच्या संदर्भात)

बुलढाणा जिल्ह्याच्या उत्तर सीमेवर, सातपुड्याच्या पायथ्याशी वसलेल्या जळगाव जामोद आणि संग्रामपूर या तालुक्यांत संत्र्याच्या बागा आहेत. तेथील बागाईतदार संत्र्याचे झाड बियांपासून वाढवीत नाही. जंबेरीच्या रोपावर संत्र्याचा डोळा भरतो. खाली राहतो तो खुंट आणि वर वाढते ते कलम. खुंटाने डोळा धरला नाही तर डोळा वाळून जातो, एवढेच भय बागाईतदारास असते. कलमानेच खुंटावर उलटावे आणि त्याची साल, मुळे व पाने पोखरून काढावी, असा प्रकार बागेत घडत नाही. मनुष्यदेहात एका विशिष्ट परिस्थितीत नेमका तो घडतो. दुसऱ्याच्या अस्थिमज्जेतील मूळपेशी रुग्णाच्या देहात रुजविल्या असता, त्यांच्याबरोबर आलेल्या लसिकापेशी नव्या देहास परका समजून त्याच्यावर हल्ला चढवितात. या व्याधीस वैद्यकाच्या व्यवहारात ‘जीव्हीएचडी’ या आद्याक्षरांनी ओळखतात. प्रस्तुत निबंधात तिच्यासाठी ‘कलम-यजमान-विरोध’ ही संज्ञा योजिली आहे.

या व्याधीच्या उपचाराचा इतिहास सामान्यतः औषधांचा इतिहास म्हणून सांगितला जातो. तो तसा सांगता येतो हे खरे. परंतु तेवढ्याने तो पुरा होत नाही. व्याधीचे ज्ञान जसजसे वाढत गेले, तसतसे तिची शुश्रूषा करणाऱ्यांचे वर्तुळही विस्तारत गेले, आणि या दोन्ही गोष्टी परस्परांवर अवलंबून होत्या, असे साधनांवरून दिसते. हे वर्तुळ रुग्णालयाच्या दाराशी थांबते की रुग्णाच्या गावापर्यंत पोहोचते, हा प्रश्न बुलढाण्यासारख्या दूरच्या जिल्ह्याच्या दृष्टीने जीवनमरणाचा आहे. त्या प्रश्नाची ऐतिहासिक पार्श्वभूमी येथे पहावयाची आहे.

१. नावाचा इतिहास

१९४५ साली हिरोशिमा व नागासाकी या नगरांवर अणुबाँब पडल्यानंतर, किरणोत्साराने मरणाऱ्या देहास वाचविता येईल काय, या विचाराने अनेक प्रयोगशाळांत संशोधन सुरू झाले. १९४९ साली जेकबसन यांनी उंदराची प्लीहा शिशाच्या आवरणाखाली सुरक्षित ठेवल्यास तो मारक किरणांतूनही वाचतो, असे दाखविले. १९५१ साली लोरेंझ व त्यांच्या सहकाऱ्यांनी अस्थिमज्जा टोचून तोच परिणाम साधला. प्रारंभी या संरक्षणाचे श्रेय मज्जेतील एखाद्या रसायनास देण्याकडे कल होता. १९५६ च्या सुमारास, वाचलेल्या प्राण्यांच्या रक्तात दात्याच्याच पेशी नांदत असल्याचे सिद्ध झाले आणि हे खऱ्या अर्थाने ‘रोपण’ आहे, हे निश्चित झाले.

परंतु परक्या मज्जेने वाचलेले हे उंदीर काही आठवड्यांनी पुन्हा आजारी पडत. त्यांचे वजन घटे, अतिसार होई, कातडी बिघडे, आणि बरेचसे मरत. किरणांचा रोग हा पहिला. म्हणून इंग्लंडातील बार्न्झ, लाउटिट आदी संशोधकांनी या नव्या विकारास ‘दुय्यम रोग’ म्हटले. नवजात उंदरांस परक्या लसिकापेशी टोचल्या असता ती पिले खुरटत. बिलिंगहॅम व ब्रेंट यांनी हा प्रकार अभ्यासिला आणि त्यास ‘खुरटेपणाचा रोग’ असे नाव रूढ झाले. १९५७ साली सिमनसन यांनी कोंबडीच्या भ्रूणावर केलेल्या प्रयोगांतून रोपित पेशी स्वतःच यजमान देहाशी झगडतात, हे स्पष्ट होऊ लागले. १९६६ साली बिलिंगहॅम यांनी या विकारास आवश्यक अशा तीन अटी मांडल्या : कलमात प्रतिकारक्षम पेशी असाव्यात, कलमात नसलेले, म्हणून त्याला परके वाटणारे घटक यजमानात असावेत, आणि कलमास झुगारून देण्याची शक्ती यजमानात उरलेली नसावी.

तीन नावांचा हा क्रम शब्दार्थाच्या अभ्यासकास उद्बोधक वाटेल. पहिले नाव केवळ कालक्रम सांगते, दुसरे दृश्य रूप सांगते आणि तिसरे कारण सांगते. कारणवाचक नाव मिळेपर्यंत उपचाराची दिशाही निश्चित नव्हती. मराठीत या नावाचा अनुवाद करताना एक अडचण येते. ‘यजमान’ हे मूळ संस्कृत वर्तमानकालवाचक धातुसाधित. ‘जो यज्ञ करवितो तो’ हा त्याचा अर्थ. पुढे घरधनी, पाहुण्याचे आतिथ्य करणारा, असा अर्थविस्तार झाला. या व्याधीत पाहुणा यजमानावर उलटतो, हे त्या शब्दाने चांगले सुचविले जाते. ‘कलम’ हा अरबीतून फारसीमार्गे आलेला शब्द. लेखणी, कायद्याचा परिच्छेद आणि झाडाची छाटून लावलेली फांदी असे तिन्ही अर्थ तो मराठीत वागवितो. शेतकरी समाजास ‘प्रत्यारोपण’ या शब्दापेक्षा ‘कलम’ आणि ‘खुंट’ हे शब्द अधिक जवळचे आहेत, आणि रुग्णास त्याचा आजार समजावून सांगताना ही जवळीक उपयोगी पडते.

२. मोजमाप आणि संघ

१९५७ साली अमेरिकेत डोनॉल थॉमस व त्यांच्या सहकाऱ्यांनी सहा रुग्णांस मज्जा दिल्याचे प्रसिद्ध केले. त्यांपैकी कोणीही फार काळ जगला नाही. १९५८ साली युगोस्लाव्हियातील विंचा येथील अणुभट्टीच्या अपघातात सापडलेल्या शास्त्रज्ञांवर पॅरिस येथे जॉर्ज माते यांनी मज्जारोपणाचा उपचार केला. त्याच वर्षी दोसे यांनी पांढऱ्या पेशींवरील ऊतिगटांचा शोध लावला. दाता व रुग्ण यांचे ऊतिगट जुळविण्याची विद्या त्यातून सिद्ध झाली. सख्ख्या भावंडाशी पूर्ण जुळणी होण्याची शक्यता चारांत एक, हेही कळून आले. १९६८ साली मिनेसोटा येथे रॉबर्ट गुड यांच्या संघाने जन्मजात प्रतिकारहीन बालकावर भावंडाच्या मज्जेचे रोपण यशस्वी केले. थॉमस यांचे कार्य पुढे सिएटल येथे बहरले व १९९० साली त्यांस नोबेल पारितोषिक मिळाले. त्यांच्या पत्नी डॉटी थॉमस या प्रयोगशाळेत व लेखनव्यवहारात त्यांच्या आयुष्यभराच्या सहकारी होत्या.

सांघिक शुश्रूषेच्या इतिहासात या सर्व शोधांइतकेच महत्त्व १९७४ साली सिएटल येथूनच प्रसिद्ध झालेल्या एका साध्या कोष्टकास द्यावे लागते. ग्लुक्सबर्ग व सहकाऱ्यांनी तीव्र कलम-यजमान-विरोधाची प्रतवारी तीन मापांवर बसविली : पुरळ अंगाच्या किती भागावर पसरले आहे, रक्तातील पित्तरंजक किती वाढले आहे, आणि चोवीस तासांत जुलाब किती मिलिलिटर झाले. यांपैकी पित्तरंजकाचे माप प्रयोगशाळा देते. पुरळाचे माप रुग्णाचे सर्वांग रोज उघडून पाहणारा देतो. जुलाबाचे माप मात्र परिचारिकेने भांडे मोजून नोंदविल्याखेरीज मिळत नाही. पाचशे मिलिलिटर व हजार मिलिलिटर यांमधील भेद औषधाची मात्रा ठरवितो. म्हणजे या व्याधीची प्रत ठरविणे हेच मुळी एकट्या वैद्याचे काम नव्हते. निदानाच्या पहिल्या पायरीवरच संघाची गरज रचनेत गोवलेली होती.

औषधांच्या बाजूस कॉर्टिकोस्टिरॉइड हा मुख्य आधार राहिला. १९७८ साली लंडन येथे पौल्स यांनी सायक्लोस्पोरिन या बुरशीजन्य औषधाचा या व्याधीवर उपयोग केला आणि १९८६ साली सायक्लोस्पोरिन व मेथोट्रेक्झेट यांचा संयुक्त प्रतिबंधक प्रयोग सिएटलच्या संघाने मांडला. दरम्यान १९७९ साली एक विलक्षण गोष्ट ध्यानात आली. ज्या रुग्णांस कलम-यजमान-विरोध होतो, त्यांचा रक्ताचा कर्करोग उलटण्याचे प्रमाण कमी असते. यजमानावर उलटणाऱ्या पेशी कर्कपेशींवरही उलटतात. यामुळे उपचाराचे ध्येय बदलले. व्याधीचा समूळ उच्छेद करावा की तिला आवरून धरावे, हा विवेक दररोज करावा लागू लागला, आणि त्यासाठी अनेकांच्या निरीक्षणांचा मेळ घालणे अपरिहार्य झाले.

१९८० साली शुलमन व सहकाऱ्यांनी वीस रुग्णांच्या आधारे या व्याधीच्या जीर्ण रूपाचे वर्णन केले. कातडी ताठरणे, डोळे व तोंड कोरडे पडणे, सांधे आखडणे, श्वासनलिका आकसणे अशी तिची लक्षणे महिनोन्महिने टिकतात. २००५ साली अमेरिकेतील राष्ट्रीय आरोग्य संस्थेच्या सर्वमान्य निकषांनी त्वचा, मुख, नेत्र, अन्नमार्ग, यकृत, फुप्फुसे, सांधे व जननेंद्रिये अशा आठ स्थानांची शून्य ते तीन अशी गुणवारी लावली. शंभराव्या दिवसाची जुनी सीमारेषा त्यांनी सोडून दिली. हे कोष्टक वाचताच संघात कोण कोण असावयास पाहिजे, ते कळते. नेत्रवैद्य, दंतवैद्य, त्वचारोगतज्ज्ञ, स्त्रीरोगतज्ज्ञ, श्वासक्षमता मोजणारा तंत्रज्ञ, व्यायामोपचारक, आहारतज्ज्ञ, औषधांचे परस्परपरिणाम पाहणारा औषधनिर्माता, समुपदेशक आणि समाजसेवक, इतके जण या एका व्याधीने एकत्र आणले. २०१७ ते २०२१ या अवधीत इब्रुटिनिब, रुक्सोलिटिनिब व बेलुमोसुडिल ही नवी औषधे अमेरिकेत मान्यता पावली, तथापि संघाची गरज त्यांनी कमी केली नाही.

३. मुंबई, १९८३

भारतातील मज्जारोपणाचा प्रारंभ मुंबईत झाला. २८ फेब्रुवारी १९४१ रोजी परळ येथे सुरू झालेले टाटा स्मारक रुग्णालय १९६२ पासून अणुशक्ती विभागाच्या व्यवस्थेखाली आहे. या रुग्णालयात डॉ. सुरेश अडवाणी यांनी २० मार्च १९८३ रोजी देशातील पहिले यशस्वी मज्जारोपण केले. तीव्र रक्तकर्काने आजारी असलेली नऊ वर्षांची मुलगी ही त्यांची रुग्ण. मज्जा तिच्या भावाने दिली होती. बालपणी पोलिओ झाल्याने चाकाच्या खुर्चीत बसून वैद्यकाचा व्यवसाय करणाऱ्या अडवाणी यांनी ही विद्या सिएटल येथे थॉमस यांच्या केंद्रात पाहिली होती. १९८६ साली वेल्लोरच्या ख्रिश्चन वैद्यकीय महाविद्यालयातही हे कार्य सुरू झाले. टाटा संस्थेचा रोपणविभाग पुढे नवी मुंबईतील खारघरच्या केंद्रात हलला.

सिएटलहून विद्या आणणे शक्य होते. परिस्थिती आणणे शक्य नव्हते. प्रतिकारशक्ती दडपलेल्या रुग्णास भारतात क्षयाचे व बुरशीजन्य संसर्गाचे भय अधिक. रुग्णाचे कुटुंब शेकडो मैलांवरून आलेले. मुंबईत त्याचे घर नसते. रोपणानंतरचे पहिले काही महिने तर रुग्णालयाच्या हाकेच्या अंतरावर राहणे आवश्यक असते. या ठिकाणी शुश्रूषेच्या संघात एक असा घटक दाखल झाला, ज्याचा उल्लेख पाश्चात्त्य ग्रंथांत त्याच रूपात आढळणार नाही. तो घटक म्हणजे धर्मशाळा. वऱ्हाडातील शेंडगाव येथे १८७६ साली जन्मलेल्या आणि १९५६ साली निवर्तलेल्या गाडगेबाबांनी तीर्थक्षेत्री यात्रेकरूंसाठी जशा धर्मशाळा उभारल्या, तशीच रुग्णांच्या निवाऱ्याची काळजी वाहिली. त्यांच्या नावाने दादर येथे चालणारी धर्मशाळा आणि परळ येथील नाना पालकर स्मृती समितीचे सेवासदन यांनी टाटा रुग्णालयाच्या असंख्य रुग्णांस आसरा दिला आहे. स्वच्छ खोली, ताजे शिजविलेले अन्न आणि उकळलेले पाणी या गोष्टी या रुग्णाच्या बाबतीत औषधाइतक्याच मोलाच्या आहेत. त्या पुरविणारा तो संघाबाहेरचा मानता येत नाही.

४. घाटावर आणि घाटाखाली

२०११ च्या शिरगणतीप्रमाणे २५,८६,२५८ लोकसंख्या असलेल्या बुलढाणा जिल्ह्याचे तेरा तालुके लोकव्यवहारात ‘घाटावरचे’ व ‘घाटाखालचे’ अशा दोन भागांत मोडतात. अजिंठ्याच्या डोंगररांगेने हा भेद केला आहे. मुंबई-नागपूर लोहमार्ग घाटाखालून, मलकापूर, नांदुरा, शेगाव असा जातो. १८७० साली कापसासाठी जलंबहून खामगावास फाटा काढण्यात आला. ज्या मार्गाने वऱ्हाडचा कापूस मुंबईस गेला, त्याच मार्गाने आज वऱ्हाडचा रुग्ण मुंबईस जातो. मलकापुराहून मुंबई सुमारे ५०० किलोमीटर; बुलढाणा शहरातील रुग्णास त्याआधी राजूर घाट उतरावा लागतो. मेहकर, लोणार वा सिंदखेड राजाकडच्या रुग्णाचा प्रवास याहून अवघड.

तीव्र व्याधी बहुधा रुग्ण केंद्राच्या निकट असताना प्रकटते. जीर्ण व्याधी मात्र पुष्कळदा तो घरी परतल्यावर, शेतीचे काम किंवा शाळा पुन्हा सुरू झाल्यावर, हळूहळू प्रकटते. म्हणून तिचे पहिले निरीक्षक गावातीलच असतात. त्यांना कोणत्या गोष्टी माहीत असावयास हव्यात, याची काही उदाहरणे देता येतील. प्रखर ऊन त्वचेतील व्याधी चेतवू शकते. उन्हाळ्यात घाटाखालचा पारा ४० अंशांवर जातो, तेव्हा शेतात राबणाऱ्या माणसास हा नियम पाळणे सोपे नाही. तोंडातील व्याधीमुळे तिखट सोसत नाही. ठेचा-भाकरीवर वाढलेला रुग्ण अन्न टाकतो आणि घरचे लोक त्यास अरुची समजतात. बुरशीवरील काही औषधे सायक्लोस्पोरिनचे रक्तातील प्रमाण वाढवितात. गावच्या औषधाच्या दुकानातून सहज घेतलेली गोळी मूत्रपिंडास घातक ठरू शकते. बालपणीच्या लसींचे संरक्षण रोपणानंतर क्षीण होते आणि त्या पुन्हा टोचाव्या लागतात.

यांपैकी सर्वांत गंभीर गोष्ट रक्तदानाची होय. रोपण झालेल्या रुग्णास द्यावयाचे रक्त किरणांनी संस्कारित केलेले असावे लागते. एरवी त्या रक्तातील लसिकापेशी स्वतःच कलमाप्रमाणे रुजून अत्यंत मारक असा विरोध उत्पन्न करतात. हा धोका रक्त जवळच्या नातेवाइकाचे असताना अधिक संभवतो, कारण ऊतिगटांच्या अर्धवट साम्यामुळे रुग्णाचा देह त्या पेशी ओळखून झुगारून देत नाही. आपल्या समाजात संकटसमयी आप्तांनी रक्त देण्यास पुढे यावे, हा सद्भाव आहे. येथे त्या सद्भावास ज्ञानाची जोड नसेल तर तो प्राणावर बेततो. रुग्णाच्या कागदपत्रांवरील एक ओळ वाचून केंद्रास दूरध्वनी करणारा तालुक्याचा डॉक्टर अशा वेळी संघातील सर्वांत महत्त्वाचा माणूस ठरतो.

५. रुग्णाची भाषा

२००२ साली स्टेफनी ली व सहकाऱ्यांनी जीर्ण व्याधीच्या लक्षणांची तीस प्रश्नांची प्रश्नावली तयार केली. तिची उत्तरे रुग्णाने स्वतः द्यावयाची असतात. याचा अर्थ असा की, रुग्णाचे शब्द हेच मोजमापाचे साधन झाले. मग ते शब्द कोणत्या बोलीतील आहेत, हा प्रश्न भाषाभ्यासकापुरता राहत नाही.

घाटाखालचा वऱ्हाडी बोलणारा रुग्ण ‘डोयात खडा गेल्यावानी वाटते’ असे म्हणतो. ‘ळ’चा ‘य’ होणे, ‘ण’चा ‘न’ होणे आणि ‘-वानी’ हे सादृश्यवाचक अव्यय ही त्या बोलीची परिचित लक्षणे होत. ‘खडा गेल्यावानी’ हे वर्णन अश्रुग्रंथी सुकल्याचे आहे. ऐकणाऱ्याने ते अक्षरशः घेतले तर तो डोळा धुऊन रुग्णास परत पाठवील. ‘दम लागते’ या शब्दांत थकवा, पंडुरोग आणि फुप्फुसांची व्याधी अशी तीन कारणे दडलेली असू शकतात. श्वासक्षमतेची चाचणी केल्याखेरीज तिसरे कारण वेळीच उघड होत नाही, आणि फुप्फुसाची झालेली हानी सहसा भरून येत नाही. ‘अंग आखडलं’ हे शब्द श्रमाच्या थकव्यासही लागू पडतात आणि त्वचेखालील पापुद्रे ताठरल्यासही. स्त्रियांच्या जननेंद्रियांच्या व्याधीस तर बोलीत सांगण्याजोगा शब्दच पुष्कळदा नसतो. ‘खालचा तरास’ म्हणून ती उरकली जाते किंवा मुळीच सांगितली जात नाही. परिचारिका स्त्री असणे आणि ती परिसराची बोली जाणणारी असणे, यावर तेथे निदान अवलंबून राहते.

सिएटलच्या केंद्राने दूरच्या रुग्णांसाठी दीर्घकालीन पाठपुराव्याची योजना चालविली आणि रुग्णाच्या गावच्या डॉक्टरास दूरध्वनीवरून सल्ला देण्याची प्रथा पाडली. भारतात २०१२ साली कर्करोग केंद्रांचे राष्ट्रीय जाळे उभे राहिले आणि मार्च २०२० मध्ये दूरवैद्यकाचे अधिकृत नियम प्रसिद्ध झाले. ९ ऑक्टोबर २०२४ रोजी महाराष्ट्रात ज्या दहा शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांचे उद्घाटन झाले, त्यांत बुलढाण्याचे महाविद्यालय आहे. मज्जारोपण जिल्ह्यात व्हावे, अशी अपेक्षा त्यापासून आज करणे योग्य नव्हे. परंतु रोपण झालेल्या रुग्णाच्या श्वासक्षमतेची नियमित चाचणी, नेत्र व दंत तपासणी, पुन्हा करावयाचे लसीकरण आणि रक्तसंस्काराविषयीची दक्षता ही कामे जिल्हास्तरावर होऊ शकतात, आणि त्यांतील प्रत्येक काम रुग्णाची मुंबईची एखादी खेप वाचविणारे आहे.

६. उपसंहार

वरील विवेचनावरून तीन गोष्टी निष्पन्न होतात. पहिली अशी की, कलम-यजमान-विरोधाचे कारण उमगल्यानंतरच त्याचे नाव स्थिर झाले आणि उपचारास दिशा मिळाली. दुसरी अशी की, १९७४ व २००५ च्या मापनपद्धतींनी शुश्रूषेचा संघ घडविला. संघ ही सोय म्हणून मागाहून जोडलेली गोष्ट नव्हे. तिसरी अशी की, मुंबईच्या परंपरेत धर्मशाळेने आणि कुटुंबाने या संघात जे स्थान मिळविले, ते गावच्या डॉक्टरास, परिचारिकेस व आशा कार्यकर्तीस अद्याप सर्वत्र मिळालेले नाही.

भाषाविभागांनी या बाबतीत करण्यासारखे एक काम आहे. घाटावरच्या व घाटाखालच्या बोलींतील शरीरलक्षणवाचक शब्दांचा कोश, प्रत्येक शब्दाच्या अर्थच्छटांसह, वैद्यकाच्या अध्यापकांच्या साहाय्याने सिद्ध करता येईल. बुलढाण्याच्या नव्या महाविद्यालयात शिकणारे विद्यार्थी महाराष्ट्राच्या सर्व भागांतून व इतर प्रांतांतूनही येणार. ‘डोयात खडा’ म्हणजे काय, हे त्यांस कोणीतरी सांगावयास हवे. असा कोश प्रथम एखाद्या तालुक्यापुरता तयार करून रुग्णालयातील प्रत्यक्ष वापरात तपासून पहावा आणि मग त्याची व्याप्ती वाढवावी, हे उचित होईल.